‘आणखी काळी’मधलं ‘आणखी’

मुरूडजवळच्या एका गावातून एका आजींचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

‘आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथल्याच एका कृष्णवर्णीय मुलाशी तिने लग्न केलं. आम्ही लग्नाला गेलो नाही. पुढे नात झाली तेव्हा राग विरला. यंदा मे महिन्यात नऊ वर्षांची नात पहिल्यांदाच महिनाभर राहायला आली. मराठी मोडकंतोडकं बोलते, पण आंबे, फणस, समुद्र, सगळ्यात रमली. शेजारणी म्हणायच्या, “बापावर गेली गो. नाकीडोळी नीटस आहे, पण...” आळीतली पोरं तिला हबशीण म्हणायला लागली. मी त्यांना हाकललं. पण मीही रोज तिला डाळीचं पीठ आणि साय लावतच होते. केस विंचरताना तर रोज रडारड. एकदा मी म्हटलं, उन्हात जाऊ नको बायो, आणखी काळी होशील. ती थांबली आणि म्हणाली, “आणखी म्हणजे? आत्ता आहे ते वाईट आहे का?” मला उत्तर सुचलं नाही. जायच्या आदल्या रात्री म्हणाली, “शाळेच्या फॉर्मवर आई एशियन म्हणते, बाबांची आई ब्लॅक म्हणते. आजी, मी कोकणातली नाही का?” माझा भाचा कॉलेजात शिकवतो. त्याचं म्हणणं, रेस म्हणजे वंश वगैरे माणसाने बनवलेलं आहे, खरं काही नसतं. नसतंच, तर मग पोरीला लागलं काय? तिला मी काय सांगू? आणि पुढच्या वर्षी तिला बोलवावं की नाही?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. तिला बोलवा. मे महिन्याच्या आधी जमलं तर आधीच बोलवा. ‘मी कोकणातली नाही का’ असं ती निघायच्या आदल्या रात्री विचारते, म्हणजे तिला कोकणातलं व्हायचं आहे. तुम्ही बोलावलं नाहीत, तर तेच तुमचं उत्तर आहे असं ती समजेल.

आता त्या ‘आणखी’बद्दल. तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि दर वेळी त्या शब्दापाशी अडले. आळीतल्या पोरांनी चिडवलं ते तिने सोसलं असतं. पोरं चिडवतात, आजी त्यांना हाकलते, एवढं तिला कळतं. पण ‘आणखी’ म्हणणारी तुम्ही होतात, आणि तुमचा तर तिच्यावर जीव आहे. म्हणून ते खोल गेलं. तिने शब्द किती नेमका पकडला बघा. ‘काळी होशील’ यात रंग आहे. ‘आणखी काळी होशील’ यात आधीच काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते अजून बिघडू नये अशी काळजी आहे.

तर पहिलं काम हे करा. येत्या रविवारी फोनवर, आई शेजारी नसताना, तिच्याशीच बोला. ‘बायो, तू विचारलंस ते बरोबर होतं. मी चुकीचं बोलले. मलाही लहानपणी असंच सांगितलं गेलं, आणि मी कधी उलट विचारलं नाही. तू विचारलंस.’ एवढंच म्हणा. ‘तुझ्या भल्यासाठीच म्हणत होते गं’ असं शेपूट जोडू नका. डाळीच्या पिठाशी माझं भांडण नाही. दिवाळीला घरातल्या सगळ्यांना उटणं लावा, तिलाही आणि तिच्या गोऱ्या मावसभावंडांनाही. पण एकाच पोरीच्या अंगाला रोज पीठ घासलं, तर त्यातून काय समजायचं ते ती समजते. नऊ वर्षांचं मूल तेवढं नक्की वाचतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या घरात धाकटी बहीण घारी-गोरी आणि मी आजोबांवर गेलेली, काळी. एकाच आईच्या दोघी. पाहुणे आले की तिला पुढे बोलवत आणि माझ्याबद्दल ‘ही हुशार आहे हो’ असं सांगत. त्या ‘हुशार’मधली भरपाई मला सातवी-आठवीत कळली. आज माझी साठी उलटली आहे, तरी तो दिवाणखाना डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्या भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण त्याने ते अर्ध्यावर सोडलं. तुमच्या वाडीचाच दाखला घ्या. वाडीला बांध आहे. मातीला तो बांध ठाऊक नसतो, पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, सुपारीची मुळं खालून पलीकडे जातात. बांध माणसाने घातला. पण म्हणून तो खोटा आहे का? बांधावरून सख्खे भाऊ पिढ्यान्पिढ्या कोर्टात जातात, एकमेकांच्या मयताला जात नाहीत. ‘रेस’ हा असाच माणसाने घातलेला बांध आहे. निसर्गात तो सापडत नाही, पण ज्याला अलीकडच्या बाजूला ढकललं त्याचं आयुष्य त्याने बदलून जातं. तुमच्या नातीला काय लागलं, तर हा बांध.

कातडीचा रंग खरा आहे, माती लाल आहे हे जसं खरं. ऊन कडक असतं तिथे हजारो वर्षं राहिलेल्या माणसांच्या कातडीत मेलॅनिन जास्त, कारण ते उन्हापासून वाचवतं. ऊन कमी तिथे ते कमी झालं, म्हणजे आहे त्या उन्हात शरीराला ‘ड’ जीवनसत्त्व बनवता येतं. रंगाचा सगळा हिशेब उन्हाशी आहे. त्यावरून अक्कल, स्वभाव, शील यातलं काही कळत नाही. रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मोजून दाखवलं की माणसांमध्ये जेवढी जनुकीय विविधता आहे, तिच्यातली सुमारे ८५ टक्के कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते. ज्यांना ‘रेस’ म्हणतात त्या गटांमधल्या फरकाच्या वाट्याला सहा-सात टक्केच येतात. आणि सगळ्यांत जास्त विविधता कुठे आहे, तर आफ्रिकेत. ज्यांना सरसकट ‘काळे’ म्हणून एका टोपलीत टाकलं, त्यांच्यातच.

हा बांध कसा सरकत राहिला त्याची एक हकिगत भाच्यालाही सांगा. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यात होते. तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, तू गोरा नाहीस, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन, तेव्हाच्या वंशशास्त्राने ठरवलेला एक गट. मग थिंड पुढे आले. तुमच्याच शास्त्राप्रमाणे आम्ही उत्तर हिंदुस्थानातले उच्च जातीचे लोक कॉकेशियन ठरतो, असं त्यांचं म्हणणं. १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने उत्तर दिलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुला गोरा समजत नाही. तीन-चार महिन्यांत बांध उपटून दुसरीकडे घातला! पुढे अनेक हिंदी माणसांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. मला या गोष्टीत आणखी एक सलतं. थिंड स्वतः जातीची उंची सांगून त्या बांधाच्या पलीकडे जाऊ पाहत होते. दाराबाहेर उभं असताना आपण असंच करतो. दार चुकीचं आहे असं न म्हणता, मला तेवढं आत घ्या, म्हणतो.

तिथल्या शिरगणतीत १९३० साली ‘हिंदू’ नावाची रेस होती, शीख आणि मुसलमानही त्यातच. १९७० मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. त्या काळात तिथे म्हातारा झालेला एखादा पंजाबी शेतकरी अंगाचा रंग तोच ठेवून तीन वंशांत फिरून आला असेल.

आपल्याकडेही हे झालं आहे, ताई. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख होता. तो लोकांची नाकं मोजायचा. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. नाक जेवढं बारीक तेवढी जात वरची, असा त्याचा सिद्धांत. आज शेजारणी ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतात, तीच फूटपट्टी सरकारी कागदावर गेली होती.

आणि त्या फूटपट्टीला धक्का देणाऱ्यांत तीन माणसं अशी, ज्यांची नाळ कोकणाशी जुळलेली. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मलेले. त्यांनी १९३२ मध्ये रिस्लेचेच आकडे तपासून दाखवलं की उत्तर हिंदुस्थान सोडला तर नाक आणि जातीची उंची यांचा मेळ बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. त्यांनी १९४८ मध्ये मोजमापांचा तोच पुरावा उलटवला: ही मोजमापं खरी मानायची, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मग अस्पृश्यतेला वंशाचा आधार उरतोच कुठे? तिसऱ्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, म्हणजे सासर मुरूडचं. तुमचं मुरूड नव्हे, दापोलीकडचं. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींना आधार झाला. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत त्यांचं श्रेष्ठत्व दिसेल अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, विशी-पंचविशीतल्या मुलीने, गुरूंच्या तोंडावर. तुमची नात थोडी मोठी झाली की तिला हे सांगा. ‘आणखी म्हणजे?’ असं विचारणारी ती पहिली नाही.

आता ‘हबशीण’. तो शब्द नातीपासून लपवू नका, तिला त्याचा अर्थ सांगा. अरबीत ‘हबश’ म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजच्या इथिओपियाकडचा मुलूख. तिथून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं आपल्याकडे आली. काही खलाशी, काही सैनिक, कितीतरी गुलाम म्हणून विकली गेलेली. मलिक अंबर असाच विकला गेलेला मुलगा, पुढे निजामशाही त्याच्या शब्दावर चालली. तुमच्या किनाऱ्यावरचा जंजिरा सिद्द्यांचा, म्हणजे याच हबशांचा. ते संस्थान १९४८ पर्यंत टिकलं, आणि जुन्या कागदांत त्या मुलखाचं नावच ‘हबसाण’ आहे. म्हणजे आळीतल्या पोरांनी तिला ज्या शब्दाने चिडवलं, त्याच शब्दावरून त्यांच्या गावाच्या परिसराला एकेकाळी ओळखत होते. मराठ्यांचं आणि सिद्द्यांचं पिढ्यान्पिढ्या वैर होतं. ते झाकून ठेवा असं मी म्हणत नाही. काळी माणसंही राज्य करतात, लढतात, चांगलं करतात आणि वाईटही करतात, हे तिने पाहिलेलं बरं. तिला राजपुरीहून होडीने किल्ल्यावर न्या. खोकरीचे घुमट दाखवा. आणि चिडवणाऱ्या पोरांनाही बरोबर घ्या. तुम्ही त्यांना हाकललंत ते ठीक, पण हाकललेलं पोर घरी गेल्यावर तेच शिकत राहतं.

हे सगळं पाहिल्यावर ती कदाचित बाबांच्या माणसांबद्दल विचारेल. त्यांचं मात्र अवघड आहे. गुलाम म्हणून नेलेल्यांची नावं पुसली गेली. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या याद्या आहेत, त्यात वय, लिंग, रंग आणि मालकाचं नाव आहे, गुलामाचं नाव मात्र जवळजवळ कुठेच नाही. गुलामी संपल्यावर १८७० मध्ये ती माणसं पहिल्यांदा नावानिशी कागदावर आली. आपण देवघरात बसून सात पिढ्यांची नावं घेतो, जावयांना ती घेता येत नसतील. त्यांना फोन करून विचारा, तुमच्या आजीचं नाव काय, ती काय रांधायची, कुठे राहायची. मला वाटतं, इतक्या वर्षांत तुम्ही हे विचारलेलं नाही.

याच कारणासाठी तिकडच्या आजीचं ‘ब्लॅक’ समजून घ्या. एक थेंब जरी आफ्रिकन रक्त असलं तरी माणूस काळा, असे कायदे तिथे होते. व्हर्जिनिया राज्यात १९२४ मध्ये गोरेपणाची व्याख्या तशीच केली गेली. ज्यांना त्या बांधाबाहेर काढलं त्यांनी तिथेच एकमेकांचा हात धरला, गाणी रचली, चर्चं उभारली, लढे दिले. त्यामुळे ती आजी ‘ब्लॅक’ म्हणते तेव्हा फॉर्मवरचा रकाना सांगत नसते. ‘ही आमची’ असं म्हणत नातीला कुशीत घेत असते. तुम्ही तिला कोकणातली म्हटल्याने त्या आजीचं काही कमी होत नाही. आणि फॉर्मचं म्हणाल, तर २००० सालापासून तिथल्या शिरगणतीत एकापेक्षा जास्त रकान्यांवर खूण करता येते. ती दोन्हींवर करू शकते. ‘अर्धी ही, अर्धी ती’ असं मात्र तिच्यासमोर कुणाला म्हणू देऊ नका. ती बापाची पूर्ण मुलगी आहे आणि तुमची पूर्ण नात आहे.

अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली तुम्ही पाहिले असतील, निदान ऐकले असतील. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. आडनावं नवगावकर, पेणकर अशी. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. पुढे बरेच जण इस्रायलला गेले, तर तिथे विचारणा झाली की हे खरे यहुदी आहेत का, यांच्याशी लग्न लावावं का. मोठं आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये ते पूर्ण यहुदी आहेत हे मान्य झालं. गावात तेली, पलीकडे ‘हिंदी’. आणि अजूनही तिथे मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. कोकणातलं असणं म्हणजे घारे डोळे नव्हेत, ताई. आपला किनारा समुद्रावरून आलेल्या माणसांनीच भरलेला आहे. चित्पावनांच्या मूळकथेतसुद्धा माणसं समुद्रातून वाहून येतात.

एक गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला ती ओलांडता येत नाही. ‘आम्ही लग्नाला गेलो नाही.’ का, ते लिहिलं नाहीत. परक्या देशाचा म्हणून? जातीबाहेरचा म्हणून? की काळा म्हणून? स्वतःला एकदा विचारून पाहा, तोच मुलगा गोरा अमेरिकन असता तर विमानाची तिकिटं काढली असतीत का. उत्तर मला कळवू नका. पण नात तेरा-चौदा वर्षांची झाली की लग्नाचे फोटो बघेल आणि विचारेल, आजी कुठे आहे यात? तेव्हा तिला खरं सांगावं लागेल. त्याआधी तिच्या आईला सांगितलेलं बरं, आणि जावयांना तर नक्कीच.

शेजारणींचं सोपं आहे. ‘रंग बापाचा आहे आणि मला आवडतो’ असं एकदा मोठ्याने म्हणा, नातीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. दुसऱ्यांदा म्हणावं लागणार नाही.

आणि केस. ती रडते कारण आपली पद्धत तिच्या केसांसाठी नाही. बारीक दातांची फणी कोरड्या केसांत मुळापासून घातली की तसे घट्ट कुरळे केस तुटतात आणि डोकं दुखतं. केस आधी ओले करा, कंडिशनर लावा, बोटांनी गुंता मोकळा करा. मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकापासून सुरू करून हळूहळू वर मुळांकडे जा. मग घाण्याचं खोबरेल, हात सैल ठेवून. वेळ लागेल, तास-दीड तासही. तिच्या बाबांच्या आईने असे केस जन्मभर विंचरले असतील, तेव्हा व्हिडिओ कॉल लावून त्यांनाच विचारा कसं करतात ते. भाषा येत नसली तर नात मधे बसून सांगेल, नाहीतरी तिचंच डोकं असेल. त्या तासाभरात तिला राजपुरीच्या होडीचं, हबसाणाचं, आंबडव्याचं जे सांगायचं ते सांगा.

ती पुढच्या वेळी आली की मला लिहा. किल्ल्यावर गेल्यावर ती काय म्हणाली, ते जरूर लिहा.